डब्याचा उजवा कप्पा

वन्सं गेल्याची बातमी आणि त्यांची बदनामी, दोन्ही माझ्याकडे एकाच फोनवर आल्या. फोन कुरुळीहून हिराबाईचा होता. हिराबाई म्हणजे वन्संच्या शेजारची, गावातल्या जुन्या घरातली बाई. "सुलभाताई, आक्का गेल्या वो. बांधाला पडल्या व्हत्या. कायतरी रानातलं खाल्लं म्हणत्यात..." मी गॅस बंद केला आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की म्हणतंय कोण? रडू नंतर आलं. आधी राग आला, आणि तो इतक्या आठवड्यांनीही उतरलेला नाही.

तपासणी झाली. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून स्वच्छ सांगितलं की हृदय बंद पडलं, खाण्याचा काही संबंध नाही. पण हे कुणाला ऐकायचं होतं? हृदयविकाराने काय, रोज कुणी ना कुणी जातंच. जन्मभर रानफळं ओळखणारी बाई रानफळ खाऊन मेली, यात जी चव आहे ती हृदयविकाराला कुठून येणार! भेटायला येणारे एक डोळा पुसायचे आणि दुसऱ्याने मला विचारायचे, "पण नक्की काय खाल्लं होतं हो?" थेरगावच्या माझ्या चुलत जाऊबाई तर म्हणाल्या, पट्टीचा पोहणाराच बुडतो. मी म्हटलं, तुम्हाला भीती नाही, तुम्ही घोट्याएवढ्या पाण्यातही कधी उतरला नाहीत. त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत, आणि माझं त्यावाचून काही अडलेलं नाही.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, मालन. साताऱ्याकडून चाकणला आल्या त्या गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत लाइनवर लागल्या, आणि निवृत्त झाल्या त्या तपासणी विभागातून. काम काय, तर भाग हातात घ्यायचा, मापाचा गेज लावायचा आणि निकाल द्यायचा. ओके, नाहीतर रिजेक्ट. आणि ज्याच्याबद्दल शंका आहे तो होल्ड. होल्डच्या मालाला पिवळी चिठ्ठी लागायची, आणि ती लागली की निकाल होईपर्यंत मॅनेजर आला तरी त्या मालाला हात लावू द्यायच्या नाहीत. या तीन शब्दांत त्यांचं सगळं जग बसत होतं. लग्नासाठी आलेली स्थळं रिजेक्ट झाली. एक जण म्हणे होल्डवर होता, पण त्याने वाट पाहिली नाही, असं आमच्या सासूबाई सांगायच्या. माझ्या पुरणपोळीलाही त्यांनी एकदा भरल्या पंगतीत "रीवर्क" म्हटलं होतं. मी "वन्सं, वन्सं" करत पाया पडायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायचे. आम्ही एकमेकींच्या लाडक्या वगैरे मुळीच नव्हतो. स्मृतिलेखात असं लिहू नये म्हणतात, पण खोटं लिहिलं असतं तर वन्संनी परत पाठवलं असतं.

रानाचा नाद त्यांना कंपनीमुळेच लागला. कंपनीच्या भिंतीमागे माळ होता आणि माळ संपला की कुरुळीचे बांध. पहिली शिफ्ट सुटली की बाकीच्या बायका बसकडे धावायच्या आणि या भिंतीला वळसा घालून माळावर. पुढे तिथेच गावात दोन खोल्या बांधल्या. बरोबर आडवा, दोन कप्प्यांचा स्टीलचा डबा असायचा, जेवणाचाच. डावा कप्पा ओके, उजवा होल्ड. रिजेक्ट जागच्या जागी. नवं झाड दिसलं की आधी फुलाकडे बघायच्याच नाहीत. खाली बसून पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक, ते बघायचं. देठ मोडून चीक येतो का, वास कसला, काटा पानाच्या बगलेत की खोडावर... फूल सगळ्यांत शेवटी. मी एकदा भुईरिंगणीच्या जांभळ्या फुलाला "किती गोड" म्हणून हात लावायला गेले आणि काटे बोटात घुसवून घेतले. वन्संनी काटा काढून दिला आणि म्हणाल्या, "तू नवरा पण असाच पसंत केलास. थोबाड बघून." त्यांचाच भाऊ तो!

होल्डमधलं फळ त्या कधीही तोंडात घालत नसत, चाखायलासुद्धा नाही. घरी आणून त्याच्या बिया बादलीत पेरायच्या. रोप यायचं, पानं यायची, केव्हातरी फूल यायचं, आणि मग निकाल लागायचा. कधीकधी वर्ष जायचं. मी हसायचे. बाजारात डझनाने फळं मिळत असताना कुणी एका बोराएवढ्या फळासाठी वर्षभर बादलीला पाणी घालतं का? "घाई आहे त्याने केळं खावं," असं त्यांचं उत्तर असे.

आता सुभाषराव. हे आमच्या संत तुकाराम नगरातले निवृत्त मॅनेजर. कुठल्याशा कंपनीत माणसं हाकली, आता दर रविवारी निसर्गप्रेमी हाकतात. सगळ्यांच्या डोक्यावर एकसारख्या हिरव्या टोप्या. झाडासमोर मोबाइल धरायचा, मोबाइल नाव सांगणार आणि सुभाषराव ते मोठ्याने वाचणार, ही यांची वनस्पतिविद्या. वन्संना आणि मला त्यांनी एकदाच बरोबर नेलं. टेकडीवर कॉसमॉस फुलला होता, उतारच्या उतार केशरी. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून त्यात उभ्या राहिल्या आणि सुभाषराव सांगू लागले, "हे आपल्या सह्याद्रीचं रानवैभव!" वन्संनी एक रोप मुळासकट उपटून त्यांच्या हातात दिलं. "हे बागेतून सुटलेलं परकं बी आहे, साहेब. याच्याखाली आपली सोनकी मेली, तेरडा मेला. हे वैभव नाही, अतिक्रमण आहे." सुभाषराव म्हणाले, "पण दिसतं किती सुंदर, ताई!" वन्संनी हात झटकले. परत येताना गाडीत त्या माझ्या कानाशी लागून एवढंच म्हणाल्या, "हा माणूस आमच्याकडे असता तर अख्खी बॅच परत आली असती."

वन्संना बांधावर पाहिलं ते हिराबाईने. तिने हाक मारताच चार माणसं जमली आणि त्यांतल्या एकाने, माणूस श्वास घेतोय की नाही हे बघण्याच्या आधी, शेजारी उघड्या पडलेल्या डब्याचा फोटो काढला. उजव्या कप्प्यात मूठभर लालसर काळी फळं. फोटो फिरत फिरत सुभाषरावांकडे गेला, त्यांच्या मोबाइलने कुठल्यातरी परदेशी विषारी झाडाचं नाव सांगितलं आणि झाला निकाल. ते नाव खरं की खोटं, मला माहीत नाही. मला गरजही नाही. डबा घरी आला तेव्हा उजवा कप्पा जसाच्या तसा भरलेला होता. रिकामा होता तो डावा. त्याच्या तळाला जांभळट काळे डाग आणि बारीक पिवळट बिया चिकटलेल्या. म्हणजे कामोनी. बांधाकडेला, गटाराकडेला कुठेही उगवते. मिरीएवढी काळी फळं, टोमॅटोच्या भावकीतली. वन्संनी ती मला इथे गॅलरीतच दाखवली होती, कारण त्यांच्या बादलीतलं एक रोप इथे आमच्याकडे आहे. आधी स्वतः खाल्ली, मग म्हणाल्या, "हिरवी रिजेक्ट. अर्धवट पिकली असेल तर होल्ड. पूर्ण काळी झाली तरच ओके. आणि मी नसताना दुसरं काही तोंडात घालायचं नाही, तुझा भरवसा नाही."

हे मी ज्याला त्याला सांगितलं. डावा कप्पा, उजवा कप्पा. माणसं ऐकून घ्यायची, मान हलवायची आणि जाताना म्हणायची, "तरीपण जपायला हवं होतं."

तेराव्याला सुभाषराव आले, टोपी न घालता. जेवायला बसले, लाडू मोडता मोडता म्हणाले, "वहिनी, ताईंच्या स्मरणार्थ आमच्या ग्रुपतर्फे त्या बांधावर एक फलक लावतोय. मजकूर मीच लिहिलाय. रानातली अनोळखी फळे खाऊ नका, आणि खाली ताईंचं नाव. त्यांच्या जाण्यातून चार लोक तरी शहाणे होतील."

जिने जन्मात चुकीचा भाग पुढे जाऊ दिला नाही, तिचं नाव तिच्याच बांधावर, तिच्या चुकीचा दाखला म्हणून! आणि ते लावणार कोण, तर कॉसमॉसला सह्याद्रीचं वैभव म्हणणारा हा गृहस्थ. आमचे हे खाली मान घालून भात कालवत राहिले. घरात नेहमी मीच बोलते, त्यामुळे त्यांची सवय मोडली आहे.

मी गॅलरीत गेले. कामोनीची पूर्ण काळी झालेली फळं तेवढी वेचली, धुतली, वाटीत घातली आणि पंगतीत येऊन सुभाषरावांच्या समोर उभी राहिले. "हे वन्संनी शेवटचं खाल्लं ते," म्हटलं आणि एकेक करून खायला लागले. पंगत थांबली. जाऊबाईंचा घास हातातच राहिला. सगळे माझ्याकडे बघत होते, मी कधी पडते ते. वाटीत थोडी ठेवून ती सुभाषरावांच्या पानाशी सरकवली. "घ्या ना. तुमचा मोबाइल काय म्हणतो?"

"नको नको... मला ॲसिडिटी आहे," सुभाषराव म्हणाले.

"मग फलक रिजेक्ट," मी म्हटलं, आणि लाडू वाढायला गेले. दुसऱ्या फेरीपर्यंत मी उभी होते हे सगळ्यांनी पाहिलं. सुभाषरावांनी दही मागितलं नाही, विडा घेतला नाही. फलक लागलेला नाही. मी हिराबाईला अधूनमधून विचारते. "न्हाई वो, काय बी लावलं न्हाई. ती केशरी फुलं तेवढी वाढल्याती," असं ती सांगते. "उपटून टाका," मी सांगते, आणि ती उपटते.

जिंकल्यासारखं वाटेल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. पंगत उठली, भांडी घासून झाली, आणि ओट्यावर तो डबा तसाच होता. उजवा कप्पा भरलेला. त्यावर निकाल द्यायचा राहिला होता आणि निकाल देणारी बाई... आमच्या घरात दुसरं कुणी तेवढं खात्रीचं नाही. तेव्हा मी खरी रडले, बराच वेळ, नळ चालू ठेवून.

ती फळं मी टाकली नाहीत. एका फुटक्या बादलीत माती भरली आणि पेरली. रोप वर आलं, परवा त्याला खरी पानं फुटली. सुभाषरावांना कुठून कळलं कोण जाणे, त्यांचा फोन आला. आवाजात साखर. "वहिनी, फोटो पाठवा ना, लगेच नाव सांगतो."

मी म्हटलं, फोटोवर आमच्याकडे ओके देत नाहीत. फोन ठेवला आणि बादलीपाशी खाली बसले. पानं समोरासमोर आहेत. चीक बघायला रोप अजून लहान आहे, मोडवत नाही. डबा घासून फडताळात ठेवलाय आणि बादलीला एक पिवळी चिठ्ठी चिकटवली आहे. निकाल लागायला वर्ष जाईल. मी पाणी घालते आहे.