चेरमनचे दहा दिवस

जनावरांच्या दवाखान्यात किस्से शेणासारखे जमतात. कोणी मागितलेले नसतात, पण रोज सकाळी पुढ्यात असतातच. काढले नाहीत तर पाय ठेवायला जागा राहत नाही. म्हणून थोडे आज काढतो.

पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावच्या दवाखान्यात मी रोजंदारीवर ड्रेसर, म्हणजे जखमा धुणारा-बांधणारा, होतो. नगरचं कॉलेज पहिल्याच वर्षी सोडून आलेलो. का सोडलं ते वडिलांनी विचारलं नाही, थेट निकाल दिला, "आता शेण काढ!" मी खरोखरच शेण काढायला लागलो, तर त्याचाही त्यांना राग. निवृत्त हेडमास्तरांचं असंच असतं. आज्ञा पाळलेली त्यांना सहन होत नाही.

साल दुष्काळाचं. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं होतं आणि अर्धं गाव तिथं खडी फोडत होतं. दवाखान्यात डॉक्टर एकच, रिटायर व्हायला आलेले. बोलायच्या आधी ते चिमूटभर तपकीर ओढत, आणि बऱ्याचदा तपकिरीवरच भागवत.

*

आधी 'अर्जंट' म्हणजे काय ते सांगतो.

एक म्हातारबा चपला हातात घेऊन पळत आले. "सायेब, चला! लई अर्जंट हाय! म्हस मरायला टेकली!"

डॉक्टरांनी बॅग घेतली, मी सायकल काढली. तीन मैलांचा फुफाटा. निम्म्या वाटेत डॉक्टरांनी विचारलं, "बाबा, म्हैस कधीपासून आजारी आहे?"

"आखाजीपासनं."

आखाजी म्हणजे वैशाखातली अक्षय्यतृतीया, आणि आता दिवाळी होऊन गेली होती! डॉक्टर सायकलवरून उतरले. "मग आजच अर्जंट कसं?"

"आज गिऱ्हाईक आलंय न्हवं बघायला!"

*

दुसरी गोष्ट डागणीची. आमच्याकडे बैल लंगडला, गाय फुगली, शेळी शिंकली, तरी इलाज एकच. विळा तापवायचा आणि चरचरून डाग द्यायचा. हे ज्ञान फक्त म्हाताऱ्यांकडे असतं आणि ते त्यांनी कधी स्वतःवर करून पाहिलेलं नसतं. डॉक्टर ओरडतात म्हणून दवाखान्यात येऊन सगळे शपथेवर खोटं बोलतात.

एका आजोबांनी पोट फुगलेला बैल आणला. डॉक्टरांनी विचारलं, "घरी काही केलंत?"

"काईच न्हाई, सायेब. थेट हितंच आनला."

"मग हा डाग?"

"त्यो जुना हाय. माझ्या बापाच्या टायमाचा."

डॉक्टरांनी तपकिरीची डबी मिटली. "आजोबा, धूर निघतोय अजून!"

*

आता चेरमन.

चेरमन हे कुत्र्याचं नाव. कोंडाबाईचं कुत्रं. कोंडाबाई एकटी, गावकुसाबाहेरच्या वस्तीवर राहायची, तलावावर खडी फोडायची. तिच्या घरच्यांनी बौद्ध धम्म घेतल्याला पंधरा वर्षं होऊन गेली होती. पण आमच्या तात्यांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हिशेबी त्या पंधरा वर्षांत काही घडलेलंच नव्हतं.

तात्या दुष्काळातही छत्री घेऊन फिरायचे. एका सकाळी वस्तीवरून जाताना कुत्रं वाटेत झोपलेलं दिसलं. वळसा घालून जाणं तात्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी झोपलेल्या कुत्र्याला छत्री हाणली. कुत्र्यानं उठून त्यांच्या पोटरीचा चावा घेतला आणि परत जागेवर जाऊन झोपलं.

गावात बोंब उठली, कुत्रं पिसाळलं! चार जणांनी दोर टाकून ते आमच्या दवाखान्यात आणून बांधलं. माणसांच्या डॉक्टरांनी तात्यांना सांगितलं होतं, "कुत्रं दहा दिवस नजरेखाली ठेवा. दहा दिवस धडधाकट राहिलं तर तुम्हाला भीती नाही. मधेच मेलं किंवा पिसाळलं, तर लगेच नगर गाठायचं. पोटात चौदा इंजेक्शनं."

तात्यांचा हात आपोआप पोटावर गेला.

आमच्या डॉक्टरांनी केसपेपर लिहायला घेतला. "कुत्र्याचं नाव?"

"चेरमन," कोंडाबाई म्हणाली.

"हे काय नाव झालं?"

"काम काई करत न्हाई, सगळ्यांवर भुकतो, आन खायाला पयला येतो. मग काय म्हनू सायेब?"

तात्या कडाडले, "दहा दिवस जगू दे ह्याला. दहावा भरला की काठीनं ठेचून मारायला लावतो! बिनपट्ट्याचं कुत्रं मारायचा ठराव आहे ग्रामपंचायतीचा."

"गुरुजी, दहा दिवस ते सरकारच्या ताब्यात आहे," डॉक्टर म्हणाले.

"आणि नंतर?"

डॉक्टरांनी तपकीर ओढली.

कोंडाबाईनं कुत्र्याच्या गळ्यातला दोर जरा सैल केला.

*

तालुक्यात बातमी पोचली ती अशी, 'गुरुजींना चेअरमन चावला!'

दुसऱ्याच दिवशी सोसायटीचे चेअरमन जीप घेऊन दवाखान्यात हजर. पांढरी टोपी, लाल चेहरा. "डॉक्टर, माझी बदनामी चाललीय. कुत्र्याचं नाव बदला!"

"केसपेपरवर चढलंय," डॉक्टर शांतपणे म्हणाले. "बदलता येणार नाही. पण तुम्ही लेखी द्या. तो चेअरमन मी नव्हे, एवढंच लिहा. फाइलला लावून टाकतो."

चेअरमननी खिशातून पेन काढलं, परत खिशात ठेवलं. मग जीपमध्ये बसून निघून गेले.

*

पिसाळलेलं जनावर पाण्याला भितं, एवढं तात्यांना माहीत होतं. म्हणून ते रोज सकाळी पितळी तांब्यातून पाणी घेऊन यायचे. कुत्रं प्यायलं की तात्यांचा दिवस उजाडायचा. गावाला टँकरचं पाणी घरटी दोन हंडे, त्यातला पहिला तांब्या चेरमनचा!

घरी आम्ही रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी चावत होतो. चेरमनसाठी गव्हाची पोळी आणि दूध. तात्या दुपारी उन्हात येऊन विचारायचे, "जेवला का? पोटभर जेवला का?"

आई एकदा डबा भरता भरता म्हणाली, "तीस वर्षं झाली लग्नाला. 'जेवलीस का' हे शब्द ह्यांना येतात, हे मला आज कळलं."

*

ग्रामपंचायतीकडून कुत्र्याला पट्टा मिळाला की ते रीतसर होतं, मग ठराव त्याला लागू होत नाही. हे मी कोंडाबाईला सांगितलं. अर्जही मीच लिहून दिला. माझ्या अर्धवट कॉलेजचा तेवढाच काय तो उपयोग. सरपंच आणि तात्या यांचं हाडवैर होतं, म्हणजे तात्यांचं नाक कापायला सरपंचांनी त्या कुत्र्याला चांदीचाही पट्टा दिला असता.

ग्रामसेवकानं अर्ज उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला. म्हणाला, "मासिक सभेपुढं ठेवावा लागंल."

"सभा कधी?" मी विचारलं.

"दोन आठवड्यांनी."

"कुत्र्याकडे आठच दिवस आहेत!"

"मग कुत्र्यानं अर्ज आधी द्यायचा!"

कोंडाबाई तिथंच ओट्याखाली उभी राहून बोटं मोजत होती. एका हाताची संपली, दुसऱ्याची संपली, मग परत पहिल्यापासून.

*

चौथ्या दिवशी चेरमननं खाणं सोडलं. पोळी हुंगली, तोंड फिरवलं. पाण्याच्या तांब्याकडे तर बघेचना.

तात्या पांढरे पडले. गावातले अनुभवी लोक जमले आणि प्रत्येकानं आपलं ज्ञान उघडलं. एक म्हणाला शेपूट कापा. एक म्हणाला कानात तेल घाला. तिसऱ्यानं विळा तापवायला लाकडं कुठं आहेत ते विचारलं. डॉक्टरांनी कुत्र्याच्या तोंडात हात घालून बघितलं, पोट दाबून बघितलं. म्हणाले, "ह्याला काही झालेलं नाही. ह्याला माणूस पाहिजे."

"कोण माणूस?"

"ह्याचं."

तात्यांनी मला तलावावर पिटाळलं. कोंडाबाई आली ती डोक्यावर खडीची धूळ घेऊन. कामावर मिळालेली मूठभर सुकडी, मजुरांना वाटायचा तो गोड भुगा, तिनं पदराच्या गाठीतून सोडली. चेरमननं ती हातावरूनच चाटूनपुसून खाल्ली. मग तिनं कामावर न्यायचं आपलं ॲल्युमिनियमचं, जर्मनचं भांडं पुढं केलं. "गुर्जी, पानी घाला. तुमच्या तांब्यातनं त्यो आता प्यायचा न्हाई."

आता आमच्या गावची रीत सांगतो. वस्तीवरच्या माणसाला पाणी द्यायचं तर वरून, हातभर उंचावरून ओतायचं. भांड्याला भांडं लागू द्यायचं नाही. साठ वर्षं तात्यांनी असंच ओतलं होतं. त्यांनी तांब्या वर धरला, धार सोडली. धार भांड्याबाहेर पडली, मातीत जिरली. टँकरचं पाणी!

"वाया चाललं," कोंडाबाई म्हणाली. "धरा की भांडं."

तात्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मी होतो, डॉक्टर होते, ते अनुभवी लोक होते. तात्या खाली बसले, डाव्या हातानं कोंडाबाईचं भांडं धरलं आणि उजव्या हातानं पाणी ओतलं. चेरमन लपालपा प्यायला.

तात्या घरी गेले ते सरळ न्हाणीत. पण टँकर गेलेला होता.

*

त्या दिवसापासून कोंडाबाई सकाळी कामावर जायच्या आधी येऊन कुत्र्याला खाऊ घालायला लागली.

तलावावरच्या इंजिनियर साहेबांच्या बाईसाहेब एकदा जीपमधून त्यांचं पांढरं, केसाळ कुत्रं घेऊन आल्या. दोन दिवस जेवलं नव्हतं.

"काय देता?" डॉक्टरांनी विचारलं.

"दुधात बिस्किटं. कधी क्रीमची, कधी साधी. डॉक्टर, तिला डिप्रेशन आलंय का? इथं सगळीकडे किती उजाड आहे!"

डॉक्टर तपकीर शोधायला लागले. कोपऱ्यातून कोंडाबाई म्हणाली, "बाईसाहेब, धाडा माझ्यासंगट खडी फोडायला. दुपारच्याला मिलोची भाकर बी खाईल!"

बाईसाहेबांना राग आला. त्यांनी चेरमनकडे बोट केलं. "आणि हे कुठलं कुत्रं इथं बांधलंय? चांगलं धष्टपुष्ट दिसतंय. ह्याला काय खायला घालता?"

"हेडमास्तरांच्या घरचं जेवण," मी म्हणालो.

*

नवव्या दिवशी तात्यांनी दवाखान्याच्या ओट्यावर बसून दोन माणसं ठरवली. काठ्या कोणत्या आणायच्या तेही ठरवलं. बाभळीची, गाठीची. चेरमन त्यांच्या पायाशी पसरला होता. नऊ दिवसांत त्याला तात्यांची सवय झाली होती. हे बोलणं चालू असताना तात्यांचा हात खाली गेला आणि चेरमनचे कान खाजवायला लागला. तात्यांच्या ते लक्षातही आलं नसावं.

"तात्या," मी म्हणालो, "हाच हात ना?"

त्यांनी हात काढून घेतला. "तुला अक्कल नाही. ही तत्त्वाची गोष्ट आहे."

कोंडाबाई खराटा घेऊन चेरमनभोवतीची जागा झाडत होती. तिनं सगळं ऐकलं. झाडून झाल्यावर डॉक्टरांना तिनं एकच विचारलं, "सायेब, धा दिस कशावरनं मोजत्यात?"

"माणसाला चावलं त्या दिवसापासून."

"कोनत्या बी मानसाला?"

"कोणत्याही," डॉक्टर म्हणाले.

*

दहावा दिवस. ग्रामपंचायतीची सभा अजून सहा दिवस लांब. तात्या धुतलेलं धोतर नेसून आले. मागं ती दोन माणसं, हातात काठ्या. चेरमननं आळस दिला, पाणी प्यायलं, तात्यांना बघून शेपूट हलवली. डॉक्टरांनी रजिस्टर उघडलं, 'तंदुरुस्त' लिहायला पेनचं टोपण काढलं.

"सोडा आता त्याला," तात्या म्हणाले.

दवाखान्यामागच्या गोठ्यातून कोंडाबाई बाहेर आली. एका हाताला पदराचं टोक गुंडाळलेलं, त्यावर रक्त. दुसऱ्या हातानं तोंडावर पदर धरलेला. एरवी डॉक्टरांपुढंही कधी तोंड झाकलं नव्हतं तिनं.

"सायेब, मला चावलं."

"कोण?"

"चेरमन. मघाशी. भाकर देताना."

"खोटं!" तात्या ओरडले. "ढोंग आहे हे! दाखव हात!"

डॉक्टरांनी मला खूण केली. मी घमेल्यात पाणी घेतलं, साबण घेतला, पदर सोडवला. दहा दिवस तात्यांची पोटरी मीच धुतली होती. कुत्र्याचा सुळा भोक पाडतो, मांस ओढतो. इथं मनगटाच्या वर दोन अर्धगोल होते, एक वरचा, एक खालचा. दात बारीक, एका रांगेत, सारखे. रक्त मात्र खरं होतं.

डॉक्टरांनी चष्मा लावला. हात पाहिला. कोंडाबाईच्या तोंडावरचा पदर पाहिला. मग रजिस्टरचं पान उलटलं आणि कोऱ्या पानावर सावकाश लिहायला लागले, 'दिवस पहिला'.

"डॉक्टर, अहो, बघा तरी नीट!" तात्यांचा आवाज फाटला. डॉक्टरांनी मान वर केली नाही. तेव्हा तात्या माझ्याकडे वळले. "तू धुतलीस ना जखम? तू सांग. कुत्र्याचीच आहे का ती?"

काठ्यावाले थांबले. कोंडाबाईचा हात माझ्या हातात होता, तो हलला नाही.

"कुत्र्याचीच," मी म्हणालो. "आणि तुमच्यापेक्षा खोल आहे."