राखणदाराची बाटली

गेल्या वर्षी आमचे हे दारू पिऊन डिचोलीच्या बसस्टँडवर भरदुपारी आडवे झाले. पोलिसांनी उचललं, पण कोठडीऐवजी दारू सोडायच्या औषधासाठी इस्पितळात नेलं. हवालदार मला म्हणाला, "वयनी, ह्या वेळाक केस नाय. औषध पुरा होवंदे. परत पिवन गावले तर मात्र केस, मगे बसवरची ड्रायव्हरकी गेली समजा." वर स्वतःचा नंबर दिला. त्याचं गोड बोलणं मला मुळीच पटलं नाही. पोलीस कुणाचं फुकट भलं करतो होय? यात काहीतरी काळंबेरं आहे, हेच माझ्या डोक्यात.

दोन महिने औषध चाललं. हे पीत नव्हते, असं ह्यांचं म्हणणं.

मग राखणदाराला, म्हणजे शेताची राखण करणाऱ्या देवाला, वर्षाचा मान द्यायचा दिवस आला. सर्वणात, आमच्या गावी, शेताच्या बांधावर त्याचा धोंडा आहे. त्याला रोट आणि काजूची दारू लागते, आणि ती घरच्या कर्त्या पुरुषानंच ओतायची. भरलेली बाटली ह्यांच्या हातात कशी द्यायची? मी गुपचूप दारू न्हाणीघरात ओतली, बाटलीत पाणी भरलं आणि बूच लावून दिली. राखणदाराची मनात माफी मागितली. तो समजून घेईल, ह्यांचा भरवसा नाही.

अर्ध्या तासाचं काम, हे दोन तासांनी आले. शर्टाला दारूचा भपकारा. मी एका शब्दानं विचारलं नाही. सरळ हवालदाराला फोन लावला आणि प्यायले म्हणून सांगितलं.

तो फुंकायचं यंत्र घेऊन आला. ह्यांनी मुकाट्यानं फुंकलं. शून्य.

"मगे कपड्यांक वास कसलो?" हवालदारानं विचारलं.

"बाटलेत पाणी होता. राखणदाराक पाणी कसा घालतलंय? डिचोलीक जावन दुसरी हाडलंय. ओतताना शर्टार उडाली."

हवालदारानं एकदा माझ्याकडे बघितलं, यंत्र उचललं आणि निघून गेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तुझ्या फोनान माझी नोकरी गेली असती गो," एवढंच हे म्हणाले.

तेव्हापासून कामावरून आले की चपला काढायच्या आधी हे माझ्यासमोर उभे राहून तोंड उघडतात. मी नको म्हणते, कधी रडतेसुद्धा. पण खरं सांगते, तोंड उघडलं की मी वास घेतेच.