अर्जातून खोडलेले वाक्य

खालापूरच्या कचेरीबाहेर मी अर्ज लिहीत असे. शिक्षण सातवीपर्यंतच, तथापि माझ्या अर्जांतील भाषेत साहेबलोकांना कधी चूक सापडली नाही, हे नमूद करणे भाग आहे.

एका श्रावणात डोंगराकडच्या वाडीतील एक म्हातारी आली. शेजारच्या दोन घरांत जुलाब-ओकारी सुरू होती. तिची सून गरोदर. तिला काही होण्याआधी विहिरीत औषधी पावडर टाकावी, एवढीच मागणी.

"लिवा दादा, पानी कळशीत ग्वाड हाय. वास नाय, काय नाय. पोटात गेलं का ईख व्हतं."

"आजी, चांगलं पाणी पोटात जाऊन विष कसं होईल? साहेब हसतील."

"हसू दे की रं! हसत हसत पावडर तरी टाकंल."

मी कच्च्या कागदावरचे तिचे वाक्य खोडले आणि पाण्याच्या प्रत्येक अर्जात लिहीत असे तेच लिहिले: 'सदर विहिरीचे पाणी गढूळ व दुर्गंधीयुक्त झाले आहे.' अंगठा घेण्यापूर्वी अर्ज वाचून दाखवायचा असतो. मी दाखवला नाही.

आरोग्य निरीक्षक वाडीत गेला. पाणी नितळ, वास नाही. 'तक्रार खोटी' असा शेरा मारून तो पावडर न टाकताच परतला. आठवड्याच्या आत सून दगावली.

पुढे काही वर्षांनी, जमिनीच्या कामासाठी आलेल्या कर्जतच्या एका डॉक्टरांना मी याविषयी विचारले. ते म्हणाले, "ही पटकी. विष तयार करायची तजवीज तिच्या जंतूत मुळातच असते. गार पाण्यात तो ती वापरत नाही. पोटातली ऊब, पित्त, क्षार अशा खुणा मिळाल्या की ती तजवीज जागी होते. पाण्याकडे बघून काही कळत नाही."

त्यानंतर म्हातारी दुसऱ्या कामासाठी आली, तेव्हा मी तिला डॉक्टरांचे म्हणणे तेवढे सांगितले.

"मंग मी बोलले ते खरं व्हतं नं?"

"खरं होतं, आजी."

"मंग सायबाला ते वाचून पटलं कसं नाय?"

'साहेबाने नीट वाचले नसेल,' असे मी म्हणालो. तिने साहेबाला एक सणसणीत शिवी हासडली. ती माझ्या वाट्याची होती. मी खाली मान घालून नवा कागद पुढे ओढला.