फोटोमावशींचा एकमेव वाईट फोटो

लहान मुलांच्या दातांचा दवाखाना म्हटला की दारातच रडारड कानावर येणार, असं कुणालाही वाटेल. आमच्या डॉक्टरांकडे आधी ऐकू येतं ते विमा कंपनीच्या फोनवरचं टिणटिण संगीत. काउंटरवर फोन स्पीकरला लावलेला असतो. पलीकडून 'कृपया प्रतीक्षा करा', मग पुन्हा तेच सूर. आणि अलीकडे फोटोमावशी एका हाताने फायली लावत, दुसऱ्याने एखाद्या पोराचं नाक पुसत तेच सूर गुणगुणत असतात. पलीकडे हाडामांसाचं माणूस येईपर्यंत त्या फोन ठेवत नाहीत.

"ठेवला की पुन्हा रांगेत शेवटी," त्या म्हणतात. "त्यापेक्षा वाजू दे. पोरं नाचतात तरी."

नाचतातच. माझी भिंगरी तर त्यावर टाचेवर गिरकी घेते. एका जागी पाय ठरत नाही म्हणून घरात तिला हे नाव पडलं, आणि आता शाळेतल्या बाईसुद्धा तिला तेच म्हणतात.

भिंगरी जन्मली तेव्हा तिचा वरचा ओठ आणि टाळू दुभंगलेले होते. ओठ तान्हेपणीच शिवला, टाळू त्यानंतर. शिवणारीचा हात चांगला होता, देव तिचं भलं करो. पण डावीकडे वरच्या हिरडीत एक खाच राहिली, आणि त्या खाचेतून नाकात जाणारी एक बारीकशी वाट. डॉक्टरांनी मला आरसा धरून सगळं समजावलं होतं. आधी टाळूला पट्टी बसवून जबडा थोडा रुंद करायचा, मग इस्पितळात त्या खाचेत हाड भरायचं. आणि हे सगळं वरचा सुळा खाली उतरायच्या आत.

"खाली हाडच नसलं तर सुळा उभा कशावर राहणार?" ते म्हणाले होते. "तो तर जाईलच, शेजारच्यालाही घेऊन जाईल. आणि सुळा काही आपल्यासाठी थांबत नाही."

पदरच्या पैशाने हे करणं आमच्या आवाक्यातलं नव्हतं. पण मी निर्धास्त होते. नवऱ्याच्या नोकरीतून आम्हाला एक सोडून दोन विमे होते, एक आजारपणाचा आणि एक दातांचा. मला त्याचा कोण अभिमान! आजारपणवाले म्हणाले, दात आमच्याकडे येत नाहीत. दातवाले म्हणाले, हे जन्मजात आहे, हे आजारपणात येतं. एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून पहिल्याकडे. दोन जावांनी पाहुण्याला एकमेकींच्या घरी जेवायला धाडावं आणि पाहुण्याने उपाशी परतावं, तशी आमची गत.

"म्हणजे पोरीचे दात काय शेजारणीचे आहेत?" सासूबाई फोनजवळ तोंड नेऊन म्हणाल्या. फोनवर तेव्हा फक्त संगीत चालू होतं, म्हणून निभावलं.

शेवटी दातवाल्यांनी फाइल बघायचं कबूल केलं, आणि बघून उत्तर दिलं: हा सौंदर्यवर्धक उपचार आहे, तो आमच्यात बसत नाही.

"सौंदर्यवर्धक म्हणजे काय?" भिंगरीने विचारलं.

"लाली, पावडर, असलं काहीतरी," मी वैतागून म्हटलं.

"मग मला लाली मिळणार?"

दुसऱ्या दिवशी मी दवाखान्यात गेले ती जवळजवळ रडतच. फोटोमावशींनी मला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि कंपनीला फोन लावला. संगीत सुरू झालं.

आता मावशींबद्दल सांगायला हवं. दातांच्या दवाखान्यात येण्याआधी त्या फोटो स्टुडिओ चालवत. स्टुडिओ मूळ त्यांच्या यजमानांचा. पण यजमानांच्या हाताला कंप सुटला, आणि कंपाच्या हाताने फोटो काढायचा म्हणजे सगळं गाव हललेलं. तेव्हा मावशींनी कॅमेरा हातात घेतला. "हे दिवे लावायचे, मी बटण दाबायची," त्या सांगतात. "भांडण व्हायचं ते फक्त सावलीवरून." त्यांची ख्याती होती ती माणूस सुंदर काढण्याबद्दल. तिरळा डोळा, देवीचे व्रण, लग्नाच्या मुलीचं पुढे आलेलं गालाचं हाड, सगळ्यावर त्यांच्याकडे एकच औषध होतं: मान किंचित वळवायची, हनुवटी खाली, दिवा पलीकडून, आणि दोष सावलीत टाकायचा. किती लग्नं त्यांच्या फोटोंनी जमवली याचा हिशेब नाही. "मोडली एकही नाही," त्या म्हणतात. "म्हणजे माझ्यापर्यंत तरी आलं नाही कुणी."

पुढे लोकांच्या खिशात फोन आले, फोनात कॅमेरे आले आणि स्टुडिओला कुलूप लागलं. आमचे डॉक्टर लहानपणी त्या स्टुडिओत बसलेले. मावशींनी त्यांना सांगितलं होतं, "तोंड मिटून हस रे राजा," कारण पुढचे दोन दात फळीसारखे. डॉक्टर अजून म्हणतात, "त्या मिटलेल्या तोंडाचा राग म्हणून मी दातांचा डॉक्टर झालो." त्यांनीच मावशींना बोलावून घेतलं, फोनसाठी आणि फायलींच्या फोटोंसाठी. विमा कंपनीला तोंडाच्या आतले-बाहेरचे फोटो लागतात, ते मावशी काढतात. मुलं त्यांच्यापुढे आ करून बसतात, रडत नाहीत. त्यांच्या हाती कॅमेरा आला की खोलीतली हवाच बदलते.

तर त्या दिवशी संगीत थांबलं आणि एक तरुण आवाज आला. मावशींनी फाइलचा क्रमांक सांगितला, सुळ्याचं सांगितलं, हाडाचं सांगितलं.

"बघतो हं, मावशी," तो म्हणाला. कंपनीतली पोरंही त्यांना मावशीच म्हणतात. "फोटो उघडलेत. पण यात मुलीला काही झालेलं दिसतच नाही."

"दिसत नाही कसं? नीट बघ."

"बघतोय ना. केवढी गोड आलीये! आतल्या फोटोतही सगळं छानच आहे, कोपऱ्यात जरा सावली आहे, तेवढीच. वर ज्यांनी निर्णय दिला त्यांनीही हेच बघितलं असणार. खरं सांगू का? कुठल्या स्टुडिओत काढलेत हे? माझ्या भाचीचे काढायचेत."

मावशींच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. एवढं कौतुक ऐकून कुणाचं तोंड इतकं उतरलेलं मी पाहिलं नाही.

"सावली नाही रे ती," त्या हळूच म्हणाल्या. "तीच तर खाच आहे."

"मग तसा फोटो पाठवा ना," तो म्हणाला. "मी पुन्हा विचाराला ठेवतो. पण सगळं दिसायला हवं, मावशी. न दिसणाऱ्या गोष्टीला इथे कुणी हो म्हणत नाही." त्या मुलाचा चेहरा मी पाहिलेला नाही, पण त्याचे उपकार विसरणार नाही. नियमांच्या त्या भिंतीत त्याने आम्हाला एक खिडकी दाखवली.

मावशींनी फोन ठेवला. "माझ्या हाताने झालं गं हे," त्या मला म्हणाल्या. "सवयीने दिवा पलीकडून लावला. तोंडाच्या आतसुद्धा."

"तुम्ही एकट्या कशाला घेता अंगावर?" मी म्हटलं. आणि ते नुसतं समजूत घालणं नव्हतं. कॅमेरा दिसला की भिंगरी आपण होऊन उजवा गाल पुढे करते. आमच्या भिंतीवरच्या सगळ्या फोटोंत ती उजवीकडचीच आहे. कुणी मुद्दाम शिकवलं नाही, पण घरात सगळेच 'अशी वळ गं' म्हणत आलो, सासूबाई, मी, तिचा बाबा. तिच्यासकट घरच्या चार माणसांनी आणि एका फोटोग्राफरने मिळून जी खाच लपवली, ती कंपनीला कुठून दिसावी?

शाळा सुटल्यावर भिंगरीला घेऊन आले. मावशींनी तिला खुर्चीत बसवलं. भिंगरीने मान वळवली. "नाही गं बाय, सरळ," म्हणत मावशींनी ती पुढे केली, दिव्याला हात घातला, फोटो काढला. पडद्यावर बघितलं तर पुन्हा छान! खाच पुन्हा अंधारात.

"हातच जातो गं तिकडे," मावशी कासावीस झाल्या. "दिव्याला मी सांगते एक आणि तो करतो भलतंच."

"द्या, मी काढतो," डॉक्टर पुढे आले. त्यांनी काढला. मावशींनी बघितला. "अंगठा छान आलाय तुमचा, डॉक्टर." दुसरा काढला, त्यात भिंगरीचं नाक होतं, तेही अर्धं. डॉक्टर गुपचूप आपल्या पेशंटकडे गेले.

मावशी कॅमेरा मांडीवर घेऊन बसल्या. उभ्या आयुष्यात त्यांनी एकाही पोराचा वाईट फोटो काढला नव्हता. तोच आता हवा होता, आणि येत नव्हता.

तेव्हा भिंगरी म्हणाली, "मावशी, मी पाणी पिऊन दाखवू?"

मी डोळे मोठे केले. हा तिचा शाळेतला खेळ आहे. घोट घ्यायचा, मान विशिष्ट तऱ्हेने खाली करायची, की नाकपुडीतून पाण्याची धार. वर्गात तिला त्यापायी केवढा भाव! मला हे शेजारच्या मुलीकडून कळलं तेव्हा मी तिला चांगलीच तंबी दिली होती: लोकांसमोर कधीही नाही, काय म्हणतील लोक.

"आई, फक्त एकदा," ती म्हणाली. "मला वाईट दिसता येतं. खूप छान येतं."

मावशींनी माझ्याकडे बघितलं. मी उठले, माठापाशी गेले, आणि स्वतःच्या हाताने पेला भरून आणला.

मावशींनी दिवा ओढून अगदी समोर लावला, रखरखीत. इतका सरळ उजेड, की त्यांच्या यजमानांनी पाहिला असता तर भांडणच झालं असतं. "इकडे बघ गं राणी," त्या म्हणाल्या, "अगदी माझ्याकडे. जराही वळू नको. आणि आत सगळं दिसू दे मला."

भिंगरीने घोट घेतला. मान खाली, मग वर. डाव्या नाकपुडीतून पाणी आलं, हनुवटीवरून फ्रॉकवर. तिला स्वतःचंच हसू फुटलं, तोंड भलंमोठं उघडलं, आणि मावशींनी बटण दाबलं. आणखी एकदा. आणखी एकदा. पेला संपला तेव्हा दारात उभ्या दोन पोरांनी टाळ्या वाजवल्या.

तो फोटो मी पडद्यावर पाहिला. सगळं दिसत होतं. खाच, वाकडा दात, ओठावरची शिवण, नाकातून ओघळणारं पाणी. तिची जी बाजू नऊ वर्षं मी पाहायची टाळली नाही, पण दाखवायची मात्र टाळली, ती. आणि त्या सगळ्यात पोरगी खदखदून हसत होती.

मावशींचे यजमान त्यांचा डबा घेऊन रोज त्याच सुमारास येतात. थरथरत्या हातांनी चष्मा सावरत ते पडद्यापाशी वाकले. बराच वेळ बघून म्हणाले, "सावली कुठेय?"

"नाहीये," मावशी म्हणाल्या.

"हं. पाण्याचा थेंब मात्र अगदी धारदार आलाय." आणि डबा ठेवून निघून गेले. मावशींना हसू आवरेना. "संसारात पहिल्यांदा सावलीवरून भांडले नाहीत बघ."

फोटो दोन्ही कंपन्यांकडे गेला. मग पुन्हा टिणटिण, पुन्हा प्रतीक्षा. मी रोज रात्रीच्या दात घासण्याच्या वेळी बॅटरी घेऊन भिंगरीची हिरडी बघायची, सुळ्याचं टोक तर दिसत नाही ना. एकदा तिथे नुसतं भाताचं शीत अडकलेलं पाहून माझा जीव खाली-वर झाला होता. दवाखान्यात गेले की मावशी लांबूनच मान हलवायच्या, अजून नाही. आणि एके दिवशी त्यांनी मान हलवली नाही. स्पीकरवरचं संगीत बंद होतं, आणि त्या काउंटरमागे उभ्या राहून दोन्ही हातांनी मला बोलावत होत्या.

दातवाल्यांनी पट्टीला हो म्हटलं होतं. तोच फोटो पाहून आजारपणवाल्यांनीही हाडाचं काम आपलं मानलं. सगळंच काही मिळालं नाही. पुढे दातांना लावायच्या तारांवरून दोन्ही कंपन्यांचा वाद अजून चालू आहे आणि मावशींचं गुणगुणणंही. पण पट्टी बसली, जबडा रुंदावला, आणि सुळा उतरायच्या आत इस्पितळातलं कामही पार पडलं. मी त्या इस्पितळाच्या बाकावर बसून कुणाकुणाचे आभार मानले होते! टाके घालणाऱ्या बाईंचे, अंगठ्यासकट डॉक्टरांचे, फोनवरच्या त्या मुलाचे. आणि मावशींचे तर शब्दांत मावणार नाहीत. चांगला फोटो कुणीही देईल. ज्यांच्या हाताला वाईट फोटो काढता येत नाही, त्यांनी माझ्या पोरीसाठी तो काढला.

जखम भरल्यावर कंपनीला शेवटचे फोटो हवे होते. भिंगरी दवाखान्यात शिरली ती थेट माठाकडे. पेला भरून खुर्चीत येऊन बसली. "मावशी, बघा हं!" घोट घेतला. मान खाली. मान वर. वाट बघितली. पुन्हा घोट, पुन्हा मान. फ्रॉक कोरडाच.

"आई," ती रडवेली झाली, "येतच नाही गं!"

"अरेरे," मावशी म्हणाल्या, "गेली का तुझी कला?"

"आता वर्गात काय दाखवू मी?"

मावशींनी कॅमेरा उचलला. मी सवयीने 'अशी वळ' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. भिंगरी वळलीच नाही. हातात रिकामा पेला, कपाळाला आठ्या, दात विचकलेले, ती सरळ कॅमेऱ्याकडे रोखून बघत होती, जणू तिची धार मावशींनीच चोरली आहे.

तो फोटो आता आमच्या भिंतीवर आहे. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "रागावलीये, पण दात बघा कसे दिसतायत."