जहाज बुडालं आणि दारात पळ्या आल्या

सुक्या मासळीचं एक बरं असतं. चार उन्हं मिळाली की ती गप पडून राहते. गोष्ट तशी राहत नाही. आमच्या दांडी गावात बांबूच्या वलांडीवर आम्ही बायका बोंबील टांगत असतो, तेव्हा या टोकाला एकीनं सांगितलेली गोष्ट त्या टोकाला पोचेपर्यंत तिला शेपूट फुटलेलं असतं. वर तिकडची बाई मलाच विचारते, "गो, ऐकलंस काय?" गोष्ट माझ्याच घरची!

गेल्या उन्हाळ्याच्या शेवटी जे वादळ झालं, त्यात आमच्या यांचं मालवाहू जहाज बुडालं. काही माणसं वाचली, काहींचे देह मिळाले. हे अजून आलेले नाहीत. एवढं आधीच सांगते, म्हणजे पुढं कुणी माझ्या तोंडाकडं बघत बसायला नको.

लोकांना वाटतं, अशा घरात नुसतं रडणं चालत असेल. रडणं असतंच. पण माझी मुलगी ओवी चार वर्षांची आहे, तिला भूक लागते. सासूबाई आहेत, त्यांचा राग आहे. आणि वलांडीवर हिराकाकू आहे. ती आमच्यातली सगळ्यात जुनी, आणि तिच्या तोंडाला झाकण नाही.

*

हे जहाजावर कुक होते. घरी कधी चहासुद्धा केला नव्हता! भावकीतली बोट विकली गेली, तेव्हा ओळखीच्या एकानं तिकडं चिकटवून दिलं.

पहिल्या आठवड्यात व्हिडिओ कॉल. सासूबाईंना म्हणतात, "आये, डाळीत पानी किती टाकू?"

"मानसं किती?"

"वीस-बावीस."

"मंग मला कशाला इचारतोस, इहिरीला इचार!"

पुढच्या खेपेला मी सुके बोंबील बांधून दिले. यांनी ते जहाजाच्या किचनमध्ये तव्यावर टाकले. धूर झाला, अलार्म वाजला, वास सगळ्या जहाजात. कॅप्टन लाईफ जॅकेट घालून पळत आला. त्याच्या मागं सगळे, जॅकेट घालून! बघतात तर आमचे हे हातात उलथनं घेऊन उभे.

मी हे वलांडीवर सांगितलं तेव्हा सगळ्या लोटपोट. हिराकाकू म्हणाली, "बरं झालं. जाकिटं चालू हायत एवढं तरी कललं."

तेव्हा मीही हसले होते.

*

वादळ यायच्या आधी दोन दिवस गावातल्या सगळ्या बोटी वर ओढून घेतल्या. वादळाच्या दिवशी सकाळपासून वारा असा, की पत्रे कागदासारखे उडत होते. ज्याचा माणूस घरात होता तो दाराला कडी लावून देवाचं नाव घेत होता. सासूबाई किनाऱ्यावर.

मी ओवीला कडेवर घेऊन त्यांना आणायला गेले. तिथं हिराकाकूही आलेली, डोक्यावर गोणपाट घेऊन.

"चल गो घरी," ती सासूबाईंना म्हणाली. "तुजा पोरगा होडीवर नाय, जहाजावर हाय. जहाज म्हंजे गाव असतं. गाव कदी बुडतं काय?"

सासूबाईंना ते पटलं. मला पण पटलं. आम्ही घरी आलो, चहा केला.

मग लाईट गेली, फोन गेले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या मनीषानं तिचा मोबाईल कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर चार्ज करून आणला. तो चालू झाला तसा टिंग टिंग मेसेज पडायला लागले. तिनं स्क्रीन बघितली, मग माझ्याकडं बघितलं, आणि पहिलं वाक्य काय बोलली?

"वैनी, ओवीला इकडं दे."

*

माणूस समुद्रावर असला की आमच्या घरात कुठलंच भांडं पालथं ठेवत नाहीत. ताट नाही, बादली नाही, टोपलंसुद्धा नाही. बोट पालथी होते तसं ते. हे लहानपणापासून बघितलेलं, त्यात नवीन काही नाही.

पण बातमी आल्यापासून सासूबाईंनी कहर केला. ओवीची चप्पल उलटी दिसली तरी धावायच्या. मनीषाच्या अंगणात तिचा कपड्यांचा टब पालथा होता, तो जाऊन सरळ करून आल्या. मनीषानं तो तसाच राहू दिला. संध्याकाळपर्यंत आळीतली सगळी भांडी उताणी!

त्यात पाऊस सुरू झाला. बादल्या, टोप, डबे, सगळ्यात पाणी. आरोग्य केंद्राच्या आशाताई आल्या डेंग्यूचं बघायला. अंगणात पाय ठेवला आणि कपाळाला हात लावला.

"मावशी, हे काय? डास होतील. सगळी भांडी पालथी घाला आधी!"

सासूबाई उठल्या नाहीत. बसल्या जागेवरून विचारलं, "तुजा नवरा कुठं हाय?"

"बोईसरला. कंपनीत."

"मंग तू तुज्या घरी घाल पालथी."

आशाताईंनी पर्स खांद्याला अडकवली, माझ्याकडून फडकं मागून घेतलं, आणि एक-एक भांडं रिकामं करून, पुसून, परत उताणं ठेवून गेल्या. त्यानंतर पाऊस पडला की त्या यायच्या. फडकं स्वतःचं आणायच्या.

*

जहाजातलं सामान किनाऱ्याला लागायला लागलं. ड्रम, बूट, थर्माकोल, फाटक्या गोणी. दातिवऱ्यापर्यंत काय काय मिळालं म्हणतात. पोलीस सांगून गेले, कशाला हात लावू नका. पण एका म्हाताऱ्याला वाळूत एक मोठी पळी सापडली, आणि त्याला वाटलं, कुक कोण होता? याच घरचा पोरगा. तर त्यानं ती धुऊन आमच्या दारात आणून ठेवली.

हे गावात कळलं. मग काय! कुणी झारा आणला, कुणी कुकरचं झाकण, कुणी वाकलेला चमचा. तारापूरहून एक ओळख ना पाळख माणूस बाईकवर आला आणि अर्धी किसणी देऊन गेला. प्रत्येक जण दारात उभा राहून तेच म्हणायचा, "बघा बरं, त्यांची हाय काय."

मला काय माहीत! मी ते किचन मोबाईलमध्येच बघितलेलं. पण नाही कसं म्हणणार? मी प्रत्येक वेळी हातात घ्यायचे, उलटसुलट करायचे, आणि ठेवून घ्यायचे. पडवीत एवढ्या पळ्या झाल्या, की एका जहाजावर कुणी ठेवणार नाही.

हिराकाकू आली, ढिगाकडं बघत बसली. मग त्यातली एक उचलून म्हणाली, "ही तर माजी! माज्या पोराच्या लग्नात हरवलेली!"

त्या सगळ्या दिवसांत सासूबाई हसल्या त्या तेवढ्याच.

*

देह मिळत होते तेव्हा बोईसरच्या बाजारात मासळी कुणी घेईना. मनीषा पाटी घेऊन बसायची, मी बाजूला. गिऱ्हाईक यायचं, वास घ्यायचं, आणि जायचं.

एक बाई म्हणाली, "नको बाई. पाण्यात बॉड्या आहेत ना अजून. हे मासे काय खात असतील!"

मनीषानं माझ्याकडं बघितलंच नाही. पलीकडून हिराकाकू कडाडली, "ताई, तुमी कोंबडी घ्या! कोंबडी कशा-कशावर चोच मारते ते मला इचारा. या, बसा, सांगते!"

बाई पळाली. आजूबाजूच्या हसल्या. मीही हसले, बर्फ सरकवला, पाटीवर पाणी मारलं.

विकते मी अजून. खात नाही.

*

पालघरच्या दवाखान्यात ओवीचं रक्त घ्यायचं होतं. देह ओळखू येत नाहीत, तेव्हा पोरांच्या रक्तावरून जुळवतात. मला आदल्या दिवसापासून जेवण गेलं नाही. तिचा हात केवढासा, आणि शीर सापडली नाही तर? दोनदा टोचलं तर? ताप आला तर?

रिक्षात ओवी विचारत होती, रक्त कशाला. सासूबाईंनी तिला सांगून टाकलं, "तुज्या रक्तात तुजा बाबा हाय. ते बघनार."

टेबलावर बसली. रडली नाही. सुई आत गेली तेव्हा वाकून बघितलं आणि त्या माणसाला म्हणाली, "काका, हलू. बाबाला टोचंल."

त्याचा हात थांबला. मग त्यानं हळूच काढलं, खरंच हळू.

*

तिथंच पूनम भेटली. बोईसरला चाळीत राहणारी, माझ्याच वयाची. तिचा नवरा त्याच जहाजावर इंजिनाकडं होता. तिचा मुलगा ओवीएवढा, त्याचंही रक्त त्याच दिवशी घेतलं. नंतर आमचे रोज फोन. ती विचारायची, "दीदी, कुछ आया?" मी म्हणायचे, "नहीं आया. तुमको आया?" दोघींना बरं वाटायचं.

हळूहळू एकेक देह ओळखला गेला, घरचे घेऊन गेले. शेवटी एकच राहिला. आणि रक्त दिलेली घरं राहिली दोन, तिचं आणि माझं.

दोघींना एकाच दिवशी बोलावलं. बाहेरच्या बाकड्यावर आम्ही चिकटून बसलो. तिनं पराठे आणले होते, तिनंच ओवीला भरवले. तिचा मुलगा माझ्या मांडीवर झोपला. सासूबाई भिंतीला टेकून डोळे मिटून. आम्ही दोघी बोललो ते सगळं पोरांचं. शाळेत कधी घालायचं, दात कधी पडतात.

मग माझं नाव पुकारलं.

आत साहेबांनी कागद बघितला आणि म्हणाले, "नाही जुळत, ताई. ते तुमचे नाहीत."

मी परत विचारलं. ते परत म्हणाले, "तुमचे नाहीत."

मी बाहेर आले ती हसतच. तोंडावर हात ठेवला तरी हसू थांबेना. "आई, हे नाहीत ते! आपले नाहीत!" सासूबाईंनी ओवीला उचलून छातीशी धरलं, मोठ्यानं देवाचं नाव घेतलं, पिशवीतला पुडा फोडून खडीसाखर तिच्या तोंडात घातली, माझ्या तोंडात घातली, दारावरच्या शिपायाच्या हातावर ठेवली. आणि त्याच हातानं बाकड्यापाशी पूनमपुढं पुडा धरला.

पूनमनं एक खडा घेतला.

तिनं झोपलेल्या मुलाला बाकड्यावर नीट सरकवलं, ओढणी डोक्यावर घेतली. "बधाई हो, दीदी," म्हणाली, आणि कुणी नाव पुकारायच्या आत उठून दारातून आत गेली.