कोंडाजीच्या दारातला बैल

नवसाबाईने डूख धरला म्हणजे धरला. मखमलाबादला तिची झेंडूची शेती होती. नवरा गेल्यावर तिने ती एकटीने ओढली, हौशा नावाच्या बैलाच्या जिवावर. शहाण्णव साली पोळा तोंडावर आलेला असताना हौशा दावं तोडून शेजारच्या कोंडाजीच्या दारापुढच्या कोबीत शिरला. कोंडाजीने संतापाच्या भरात त्याच्या पाठीत पहार घातली. बैल दारासमोरच मागच्या पायांवर बसला तो बसलाच. कोंडाजीने मात्र कानांवर हात ठेवले. म्हणे, पाय घसरून पडला.

बाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भाऊबंद ट्रॉली घेऊन आले, बैलाला दवाखान्यात नेऊ म्हणाले, तर तिने त्यांनाच पिटाळलं. हौशाचा एक पाय अजून थोडा हलत होता. पण पापाची कबुली दिल्याशिवाय बैल या दारातून हलणार नाही, असं तिने गावाला बजावलं. चारापाणी ती तिथेच करी. येणारेजाणारे कोंडाजीकडे बघून तोंड फिरवत, आणि तिला गारगार वाटे. पुढे तो पायही हलायचा थांबला. पोळ्याला दारातल्या बैलाला उपाशी कोण ठेवणार? कोंडाजीची बायको मान खाली घालून पुरणपोळी घेऊन आली. बाई बघत उभी राहिली.

थोड्याच दिवसांत हौशा गेला. पुरायचं सोडून तिने त्याला चिरायला लावलं, कारण तिला पुरावा हवा होता. गावाने नावं ठेवली. गुरांच्या डॉक्टरांनी पाठीच्या मणक्यांतला मज्जारज्जू तपासायला मुंबईला पाठवला आणि निकाल आल्यावर तिला समोर बसवलं.

घाव पाठीवरचाच, ते म्हणाले. तिथे रक्त साकळलं, पेशी मेल्या. पण तेवढी जागा लहान होती. मग सूज चढत गेली, शेजारच्या चांगल्या पेशी दिवसागणिक मरत गेल्या, आणि आत पोकळी पडली.

"लगेच आणला असता तर सूज उतरवता आली असती. कदाचित उठलाही असता."

घरी परतली तर कोंडाजी ओट्यापाशी उभा.

"माझ्याच हातानं झालं, नवसाबाई. डॉक्टर काय म्हनले?"

"तुझ्या पहारीनं मेला म्हनले."

कोंडाजी मटकन खाली बसला. हेच बघायला तर तिने सगळं केलं होतं. सुजेने आलेल्या उरलेल्या अर्ध्या मरणाचा सूड कोणावर उगवायचा, ते मात्र तिला कळेना.