निर्मनुष्य इमारतीचा विमा

फुकट मिळालेल्या जागेवर माझा विश्वास नाही. चेन्नईत तर मुळीच नाही. इथे बाल्कनीतून समुद्राची चिंधी दिसली तरी घरमालक भाडं वाढवतो, आणि एक बिल्डर कंपनी माझ्या रूममेटला चार मजल्यांची अख्खी इमारत शूटिंगला फुकट देत होती.

रूममेट फिल्मच्या कोर्सच्या शेवटच्या वर्षाला होती. मी भाडेकरूंच्या एका संघटनेची पत्रकं लिहायचे. तिची डिप्लोमा फिल्म भुताची होती आणि कॉलेजचा नियम साधा होता: जागेची लेखी परवानगी आणि शूटिंगचा विमा दाखवा, मग कॅमेऱ्याला हात लावा. दिव्याचा स्टँड कुणाच्या डोक्यात पडला तर कॉलेजने का भरायचं? ऑफिसांत भांडायची सवय मला, म्हणून ती मला सोबत न्यायची.

बिल्डर कंपनीच्या पेरुंगुडीतल्या काचेच्या ऑफिसात भांडावंच लागलं नाही. टायवाला तरुण अधिकारी म्हणाला, "बंद कारखान्याची कामगार क्वार्टर्स आहेत. पाडायचीच आहेत. माणसं आम्ही काढलीत, भुतं तुम्ही आणा." आणि स्वतःच खूश झाला. पत्र तयार होतं. ‘इथे कोणी राहत नाही’ हे एकच वाक्य त्यात वेगवेगळ्या तऱ्हांनी लिहिलेलं. "विमावाले तपासणी करतील, त्याची एक प्रत आम्हाला द्या. फोटोंसकट."

"तुम्हाला कशाला?" मी विचारलं.

"फाइलला."

लिफ्टमध्ये मी तोंड उघडताच रूममेट म्हणाली, "गप्प बस गं. मला कॅमेरा मिळू दे, तुझी क्रांती नंतर कर."

विमा एजंट मिळाला तिरुवल्लिकेणीत, एका बॅचलर मॅन्शनच्या, म्हणजे एकट्या पुरुषांच्या लॉजच्या, तळमजल्यावर. पिढ्यान्‌पिढ्या तंजावरकडचे मराठी. आमचं बोलणं कानावर पडताच म्हातारा खुर्चीतून उठला. "बसा मा, बसा! पुण्याकडचीं काय तुम्हीं? फिल्टर कापी सांगतों." त्यांची मराठी जुनी आणि चाल तमिळ, वाक्य संपताना गाणं संपल्यासारखं वाटायचं. हप्ता त्यांनी कमीत कमी बसवला. "रिकामी जागा असली की काम सोपें. मनुष्य असलें की कटकट. एकदां येऊन बघतों, फोटो घेतों, झालें. सरी?"

आम्ही भर दुपारी गेलो. जागा कुठली ते लिहिणार नाही. उन्हाने पांढरी पडलेली इमारत, दारं-खिडक्या उपटून नेलेल्या. वीज तोडलेली, पाणी तोडलेलं. दारांच्या जागी नुसते चौकोन, आणि त्यातून वारा जाताना कुणीतरी बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यासारखा आवाज. एवढ्या उन्हात माझ्या हातावर काटा आला. वॉचमन किल्ल्या घेऊन पुढे. कुलूप लावायला दारच नव्हतं, तरी किल्ल्या.

"यारुम इल्ले," तो प्रत्येक मजल्यावर म्हणायचा. कोणी नाही. कुणी विचारलेलं नसताना.

तिसऱ्या मजल्याच्या टोकाला, एका बिनदाराच्या उंबऱ्यापुढे कोलम होतं. पिठाची पांढरी रांगोळी, ठिपक्यांना वेढे घालत गेलेली. पीठ इतकं ताजं की मुंग्या अजून कडेलाच होत्या. वॉचमन "यारुम इल्ले" म्हणाला आणि त्याचा पाय कोलमला वळसा घालून गेला. एजंटकाकांनीही फोनमधून मान वर न काढता तसाच वळसा घातला.

"कोणी नाही, तर पाय का वळवला?" मी मराठीत विचारलं.

"काय म्हणालां मा?" काका म्हणाले. ते खोलीचे फोटो काढत होते. एक भिंत, दुसरी भिंत, मग छत.

तिसऱ्या भिंतीशी एक बाई बसली होती.

सत्तरीची असेल. पुढ्यात झाकलेलं पातेलं, शेजारी पाण्याची कळशी. ती आमच्याकडे बघत नव्हती. बस चुकलेलं माणूस रस्त्याकडे बघतं तशी समोर बघत होती. काकांचा फोन तिच्यावरून सरकत चौथ्या भिंतीवर गेला आणि तिथे क्लिक वाजलं.

रूममेटने माझं मनगट घट्ट धरलं. "तुला दिसतेय ना गं?" ती कुजबुजली.

"दिसतेय."

"मग यांना?"

मी वॉचमनला तमिळमध्ये विचारलं, या अम्मा कोण? त्याने मी बोट दाखवलं तिथे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा कोरा. चोरी करताना पकडलेल्या माणसाचा असतो तसासुद्धा नाही. "ऊन लागलं तुम्हाला," तो म्हणाला आणि जिन्याकडे निघाला. काकाही त्याच्यामागे.

मी बाईजवळ जाऊन बसले. माझी तमिळ मोडकी, आणि तापले की आणखी मोडते. अम्मा, तुम्हाला बघत कसे नाहीत हे लोक, वगैरे मी सुरू केलं. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल मा. वॉचमनच्या कानावर आलं तर त्याला मी दिसेन. दिसले की कंपनीला कळवावं लागेल. पाणी तोच आणून ठेवतो."

इमारतीतल्या बाकी सगळ्या कुटुंबांना, तिने सांगितलं, लांबच्या वसाहतीत नेऊन टाकलेलं. घरं रीतसर रिकामी केलीच नाहीत, अशी त्यांची केस. वकिलाने सांगितलेलं, एकाने तरी राहा. "तारखेला कोर्टात जाऊन उभी राहीन," ती म्हणाली. "तोवर मी नाही."

आता फाइल कळली. कोर्टाला दाखवायला कंपनीला साक्षीदार हवा होता. बिल्डरशी काही घेणंदेणं नसलेला, फोटो काढणारा. तो आम्ही आणून दिला होता.

जिन्यात काकांनी फॉर्म पुढे केला. "दोनच रकाने मा. रिकामी, कीं वस्ती आहे. रिकामी वर खूण करतों."

"वस्ती आहे!" मी ओरडले. "लिहा! तुम्हाला लाज—"

"ओरडू नको," रूममेट म्हणाली. "ते लिहिलं तर कंपनीची माणसं उद्याच येतील. तिला उचलून नेतील."

हे मला सुचलं नव्हतं. आयुष्यभर मी एकच शिकले होते: खरं ते छापा, मोठ्या अक्षरांत. इथे खरं छापलं तर ती जाणार आणि खोटं छापलं तर तिची केस जाणार.

रूममेटने फॉर्म घेतला, चार घड्या घातल्या आणि जीन्सच्या खिशात कोंबला. "काका, विमा नको. फोटो पुसा. मी इथे शूट करत नाही."

"आणि फिल्म?" मी विचारलं.

"घरी करेन. फोनवर." फोनवरची फिल्म डिप्लोमाला चालत नाही, हे आम्हा दोघींना माहीत होतं. तिचं वर्ष गेलं.

काकांनी जिन्याच्या कठड्याला टेकून फोन काढला. मग एकेक फोटो पुसू लागले. हात थांबत थांबत. "आज मी आलोंच नाहीं," ते हळूच म्हणाले, आमच्याकडे न बघता. "तुम्हीं कशास याल? तुम्हींहि नाहीं."

गेटशी वॉचमन उभा होता. त्याला काहीतरी चांगलं बोलावं असं मला वाटलं. नंद्री, म्हणजे आभार, म्हटलं, हात वर केला. त्याने माझ्या खांद्यावरून रस्त्याकडे नजर टाकली, कोणी येतंय का बघितलं, आणि माझ्या नाकासमोर गेट ओढून घेतलं.